चिखल्यांवर टर्बिनाफिनचं मलम: सतत ओल्या पायांनी वावरणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, बाकीचं पाल्हाळ नंतर. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांसाठी टर्बिनाफिन १% क्रीमला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापलाय तो ट्यूबच्या तोंडासाठी आणि आतल्या घडीच्या कागदासाठी. औषधाला पूर्ण गुण. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हे औषध अनेक कंपन्या बनवतात, खोक्याचे रंग वेगवेगळे, आतला माल तोच. दुकानात नाव घ्यायचं ते टर्बिनाफिनचं. खोक्यावर १% लिहिलेलं बघायचं आणि सोबत दुसरं कुठलंही औषध मिसळलेलं नाही ना, तेही बघायचं. त्या मिसळण्याबद्दल पुढे बोलणारच आहे, कारण खरी गोम तिथेच आहे.

मी पोहायला शिकवते. सकाळ-संध्याकाळ बॅचेस असतात, मधल्या वेळेत तलावाची आणि कपडे बदलायच्या खोल्यांची देखरेख. माझे पाय पाण्यात नसले तर ओल्या फरशीवर असतात, फरशीवर नसले तर न वाळलेल्या रबरी चपलेत. अशा पायांना चिखल्या व्हायच्या नाहीत तर कुणाच्या व्हायच्या? पण झाल्या की लाज वाटते ती वाटतेच. बूट घालणारा माणूस निदान पाय लपवू तरी शकतो. माझ्या धंद्यात पाय उघडे, आणि तेही नेमके नको त्या उंचीवर. नवशिकी मुलं काठाची कड धरून लाथा मारत असतात, तेव्हा त्यांचे डोळे आणि माझी बोटं यांच्यात जेमतेम वीतभर अंतर असतं. "मॅडम, तुमचं बोट सोललंय," असं एका सात वर्षांच्या कारट्यानं सगळ्या बॅचसमोर मोठ्यानं सांगितलं, आणि त्याच्या शेजारच्या मुलीनं काठ सोडून दोन हात लांब जाऊन पाहिलं. ती त्या दिवशी पहिल्यांदा काठ सोडून तरंगली, एवढाच काय तो फायदा.

तर दुखणं काय आहे ते नीट ओळखा, कारण त्यावरच औषध चालणार की नाही हे ठरतं. सुरुवात बहुतेक वेळा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये होते. ती जागा सगळ्यात चिकटून असते, वारा लागत नाही, पुसतानाही तिच्याकडे कुणी बघत नाही. बोटं फाकवून बघितलं तर आतली कातडी पांढरीफटक, फुगलेली, ओली दिसते. ती नखानं सहज निघते आणि खाली लालसर, हुळहुळी जागा उघडी पडते. बेचक्याच्या तळाशी बारीक चीर असते. बूट काढल्या काढल्या खाज सुटते, आणि वास येतो. वासाचं वर्णन करत नाही. ज्याला आलाय त्याला कळतं.

हे काम बुरशीचं. नायटा ज्या जातीच्या बुरशीनं होतो त्याच कुळातली ही बुरशी. पायाला सगळ्यात जास्त त्रास देणारी म्हणजे ट्रायकोफायटन रुब्रम. कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात केराटिन नावाचं प्रथिन असतं, नखांत आणि केसांत असतं तेच, आणि ही बुरशी त्यावरच जगते. आत खोलवर ती सहसा जात नाही. म्हणून तर वरून लावायच्या मलमानं काम भागतं आणि घरी उपचार करता येतो. पसरते ती सोललेल्या कातडीच्या कणांतून. माणूस अनवाणी चालतो, बारीक कण फरशीवर सांडतो, दुसरा त्यावर ओला पाय ठेवतो. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असतं, मग तलावावर चिखल्या होणार नाहीत ना, असं पालक मला विचारतात. पाण्याचा इथे फारसा संबंध नाही, संबंध आहे तो फरशीचा, शॉवरखालच्या जागेचा आणि बाकासमोर उघड्या पायांनी उभं राहण्याचा.

आता मलमाकडे येते. पांढरं, चकचकीत, हलकं क्रीम. वास जवळपास नाहीच, आणि माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. काही जुनी मलमं लावली की खोलीभर दवाखाना दरवळतो आणि सगळ्यांना कळतं की बाईंच्या पायाला काहीतरी झालंय. हे चोळलं की मिनिटाभरात जिरतं. चीर असेल तिथे लावल्यावर क्षणभर चुरचुरतं, पण थोड्या वेळानं थांबतं. थांबलंच नाही, उलट आग वाढली, पुरळ उठला, तर ते अंगाला मानवत नाही असं समजून थांबवायचं. मला तसं काही झालं नाही.

किती लावायचं यावर मात्र कागद गप्प आहे. "पातळ थर लावा" म्हणे. पातळ म्हणजे किती? त्वचेचे डॉक्टर यासाठी एक सोपं माप वापरतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढायची, ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. एका बेचक्याला याच्या कितीतरी कमी लागतं. दोन्ही पायांची सगळी बेचकी आणि भोवतालची जागा धरली तरी एक रेघ पुरून उरते. आणि भोवतालची जागा धरायचीच. डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे दोनेक सेंटिमीटरपर्यंत बुरशी असू शकते, म्हणून फक्त पांढऱ्या जागेवर टिकली लावल्यासारखं लावून उपयोग नाही. बोटाच्या खालच्या बाजूला, तळव्याच्या सुरुवातीच्या घडीतसुद्धा बोट फिरवायचं.

जास्त लावू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. क्रीम बेचक्यात पांढरं साचून राहिलं तर जागा आणखी ओली राहते, आणि रबरी चपलेत पाय घसरतो. ओल्या फरशीवर घसरणारा पाय मला परवडत नाही.

आणि इथेच ट्यूबच्या तोंडाचा मुद्दा येतो. भोक मोठं आहे. हलका दाब दिला तरी वाटाण्याएवढा गोळा बाहेर येतो, तोही झाकण उघडताच आपोआप, विशेषतः ट्यूब उष्ण जागी राहिली असेल तर. डोळ्यांच्या मलमाच्या ट्यूबला असतं तसं लांब निमुळतं तोंड दिलं असतं तर थेट बेचक्यात सोडता आलं असतं. अर्थात ट्यूबचं तोंड बुरशीच्या जागेला टेकवू नये हेही खरंच, पण निदान बोटावर नेमकं घेता आलं असतं. हे सुधारायला कुठल्या संशोधनाची गरज नाही.

किती दिवस लावायचं? बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांना एक आठवडा, हे या औषधाचं खरं वैशिष्ट्य. काही खोक्यांवर दिवसातून एकदा लिहिलेलं असतं, काहींवर दोनदा. आपल्या खोक्यावर जे असेल ते पाळायचं. मी आंघोळ झाल्यावर आणि रात्री झोपताना, असं दोनदा लावलं. सगळ्यात आधी खाज गेली, अगदी पहिल्या काही दिवसांत. मग वास. कातडी मात्र सगळ्यात शेवटी सुधारली, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. आठवडा संपला तेव्हा बेचक्यात अजून सालपटं होती आणि जागा गुलाबी होती. नवऱ्यानं बघितलं आणि म्हणाला, "हे औषध काही चाललेलं दिसत नाही, दुसरं आण." त्याला समजावलं की बुरशी मेली तरी कातडी नवी यायला वेळ लागतो, वरचा थर पूर्ण बदलायला तीन-चार आठवडे जातात. शिवाय हे औषध केराटिनला धरून बसतं. लावणं थांबवल्यावरही काही दिवस ते कातडीत टिकून राहतं आणि काम चालू ठेवतं. आठवडा संपल्यावरही सुधारणा चालू राहते ती यामुळे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ती जागा हळूहळू इतर कातडीसारखी झाली.

क्लोट्रिमाझोलशी तुलना केल्याशिवाय हा रिव्ह्यू अपुरा राहील, कारण घराघरांतल्या औषधांच्या डब्यात तीच ट्यूब सापडते. माझ्याही होती. वाईट औषध नाही. दोन्ही औषधं बुरशीच्या एकाच ठिकाणी वार करतात, फक्त वेगवेगळ्या पायरीवर. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. माणसाच्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं, त्यामुळे अर्गोस्टेरॉल बनवणं थांबवलं तरी आपलं काही बिघडत नाही. क्लोट्रिमाझोल ही साखळी शेवटाकडे तोडतं. बुरशीची वाढ थांबते, पण ती मरतेच असं नाही. टर्बिनाफिन साखळी बरीच आधी तोडतं. मग एकीकडे अर्गोस्टेरॉलचा तुटवडा पडतो आणि दुसरीकडे अर्धवट तयार झालेला स्क्वालीन नावाचा माल आत साचत जातो. त्या साठ्यानं बुरशी मरते. व्यवहारात याचा अर्थ असा की क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे लावावं लागतं. टर्बिनाफिनला एक आठवडा.

चार आठवडे दिवसातून दोनदा कोण लावतं हो? खाज थांबली की ट्यूब कपाटात जाते. माझ्या ओळखीत क्लोट्रिमाझोलनं "चिखल्या जातात आणि परत येतात" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते अर्ध्यावर सोडलेलं असतं. शिस्तीच्या माणसाला क्लोट्रिमाझोलनंही बरं वाटेल, आणि घरात आधीच ट्यूब असेल तर नवी आणायची घाई नको. पण आपण शिस्तीचे नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं टर्बिनाफिनच घ्यावं. मी त्यातलीच.

याच औषधाचा एक द्रव प्रकारही काही ठिकाणी मिळतो, तो एकदाच लावायचा. दोन्ही पायांना, तळव्यांसकट बोटांभोवती लावला की पातळ पापुद्रा तयार होतो. तो कातडीला चिकटून राहतो आणि औषध आत सोडत राहतो. कल्पना झकास. पण लावल्यावर २४ तास पाय धुवायचे नाहीत, भिजवायचे नाहीत. माझ्या कामात ते कसं जमायचं? बूट-मोज्यांत बसून काम करणाऱ्या, आणि मलम लावायला रोज विसरणाऱ्या माणसानं तो जरूर बघावा.

आता त्या मिसळलेल्या मलमांबद्दल. तलावावर आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका जीवरक्षकानं मला मोठ्या प्रेमानं त्याची ट्यूब दिली होती. "ताई, एका रात्रीत खाज गायब," म्हणाला. मी खोक्याची मागची बाजू वाचली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर एक जोरदार स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. खाज एका रात्रीत जाते ती स्टेरॉइडमुळे. ते सूज आणि लाली दाबतं, म्हणजे शरीर बुरशीशी जे भांडत असतं तेच भांडण बंद पाडतं. वरून सगळं शांत दिसतं, खाली बुरशी निवांत पसरते. पुढे तिचा चेहराही बदलतो. नायट्याची ती ठळक लाल कडा दिसेनाशी होते आणि डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. वैद्यकात या प्रकाराला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, वेश बदललेला नायटाच तो. बरेच दिवस लावलं तर कातडी पातळ होते ते निराळंच. त्या जीवरक्षकाची खाज "गेली" होती, पण पायावर वर चढली होती, घोट्यापर्यंत. ट्यूब घेताना घटकांमध्ये क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय ती परत ठेवा. मी त्याला त्याची ट्यूब परत दिली आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना कुरकुरत गेला.

घरगुती उपायांवर माझं मत थोडक्यात. व्हिनेगरच्या पाण्यात पाय बुडवणं: चीर पडलेल्या कातडीवर झोंबतं आणि मुळात ओल्या जागेला आणखी ओलं करतं. टी ट्री ऑइल: खाज आणि सोलणं यात काहींना आराम पडतो, पण बुरशी मारायचा भरवसा नाही, आणि काहींना त्याचीच ॲलर्जी येते. कपडे धुवायचं ब्लीच पायाला लावणं: हे करणारी माणसं मी बघितली आहेत. करू नका. कातडी भाजते आणि भाजलेल्या कातडीतून जंतू आत शिरतात.

पावडरला मात्र मी नावं ठेवणार नाही. बुरशीनाशक पावडर एकटीनं चिखल्या बऱ्या करेल असं नाही, पण बरं झाल्यावर बुटांत आणि मोज्यांत टाकायला ती चांगली. फक्त बेचक्यात कोंबू नका. ओल्या जागी तिचा लगदा होतो आणि तो लगदा दिवसभर ओल धरून बसतो. आधी कोरडं, मग पावडर, तीही चिमूटभर.

आणि हे कोरडं करणं म्हणजे काय, हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नाही. "जागा स्वच्छ व कोरडी करून लावावे," एवढं एक वाक्य. त्या कागदात दुष्परिणामांच्या रकान्याला पानभर जागा आहे, पण पाय कसा पुसायचा याला अर्धी ओळ. माझ्या मते अर्धा उपचार पुसण्यातच आहे. पाय जमिनीवर ठेवून वरून टॉवेल फिरवला की बोटांचे शेंडे पुसले जातात, बेचकं नाही. बसायचं, पाय मांडीवर घ्यायचा, करंगळीपासून सुरुवात करून प्रत्येक बेचक्यात टॉवेलचं टोक घालायचं आणि टिपायचं. घासायचं नाही, सोललेली कातडी ओढली जाते. टॉवेल पायाचा वेगळा, आणि रोज धुतलेला. ज्या टॉवेलानं पाय पुसले त्यानंच पुढे मांड्या पुसल्या तर बुरशी जांघेत जायला वेळ लागत नाही. याच कारणासाठी आधी मोजे घाला आणि मग अंतर्वस्त्रं, कारण उघडा पाय त्यातून घालताना बुरशी वर नेतो. ऐकायला विनोदी वाटतं, पण त्वचेचे डॉक्टर खरोखर सांगतात.

तलावावर मी अजून एक करते. बॅच संपली की बेचक्यांत गॉजचा छोटा पट्टा विणल्यासारखा घालते, बोटांच्या वर-खालून, आणि पाच-दहा मिनिटं तशीच बसते. बोटं एकमेकांपासून लांब राहतात, हवा लागते, ओल गॉज शोषून घेतो. नंतर तो टाकून द्यायचा. केस वाळवायचं यंत्र थंड हवेवर ठेवूनही चालतं, गरम हवेवर नको. बूट घालावे लागत असतील तर दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येक जोडाला एक पूर्ण दिवस वाळायला मिळतो. मोजे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, कोमट पाण्यात बुरशी शाबूत राहू शकते. मलम लावल्यावर हात धुवा. आणि खाजवलेल्या हातानं दुसरीकडे खाजवू नका. दोन्ही पाय आणि एकाच हाताचा तळवा, असा एक प्रकार डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे. कोणता हात, हे विचारायची गरज नसते. खाजवणारा.

तलावावर काम करते म्हणून एक जबाबदारीही येते. बेचक्यात चीर आणि सोलणं असताना मी कपडे बदलायच्या खोलीत अनवाणी फिरत नाही. चपला घालूनच शॉवरखाली जाते, पोहणाऱ्यांनाही तेच सांगते. माझ्यासारख्या रोजच्या माणसामुळे लोकांनी घरी बुरशी घेऊन जाऊ नये.

आता कुणी हे मलम आणू नये, किंवा आणण्याआधी डॉक्टरांना गाठावं. मधुमेह असेल तर घरी प्रयोग नकोत. पायाची संवेदना कमी असते, जखम भरायला वेळ लागतो, आणि बेचक्यातली चीर ही जंतूंना आत शिरायची उघडी वाट असते. पाय सुजला, लाली घोट्याच्या वर चढायला लागली, पू आला, ताप आला, तर बुरशीचा विषय बाजूला. तो जंतुसंसर्ग आहे आणि त्याच दिवशी दाखवायला हवं. गरोदर असाल, बाळाला दूध पाजत असाल, तर विचारून घ्या. आणि तळवा सगळाच कोरडा, जाड, पिठूळ झालाय, कडांनी बुटाच्या आकाराचा पट्टा दिसतोय, असं असेल तर तीही बुरशीच असू शकते, पण त्या जाड कातडीत हे मलम नीट पोचत नाही. तिथे एका आठवड्यात काम होईल अशी आशा धरू नका.

मलम नियमानं लावून दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, तर ट्यूबमागून ट्यूब आणत बसू नका. मुळात ती बुरशी नसेलही. बेचक्यात अशीच दिसणारी एक जंतूंची लागण असते, इरिथ्राझ्मा. डॉक्टर अंधारात विशिष्ट निळसर दिवा धरतात तेव्हा ती पोवळ्यासारखी लाल चमकते, आणि तिचं औषध वेगळं. तळव्यावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि भयंकर वास असेल तर तेही बहुधा जंतूंचंच काम. खात्री करायची असेल तर डॉक्टर कातडी हलकी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात; बुरशी असली तर तिचे धागे दिसतात. साधी, झटपट होणारी तपासणी आहे. आणि टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या बुरशीही आता सापडू लागल्या आहेत, म्हणून "मला चाललं, तुलाही चालेल" असं मी छातीठोकपणे कुणाला सांगत नाही.

ट्यूब घरात एकेकाची वेगळी ठेवा. आमच्याकडे मी माझ्या ट्यूबवर मार्करनं नाव आणि उघडल्याची तारीख लिहिली. लाजेनं ती कपाटात मागे लपवलेली नाही, आरशासमोर उघडी ठेवली आहे. समोर दिसली तरच हात जातो.

नखांचं विचारलंत तर: नाही. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख कडेनं पिवळं आणि जाड झालंय, त्यावर मी हे मलम लावून बघायच्या भानगडीत पडले नाही. नखात क्रीम शिरत नाही. पायाच्या नखांना टर्बिनाफिनच्याच गोळ्या देतात, साधारण १२ आठवडे, आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण यकृताची काळजी घ्यावी लागते. नख तसंच ठेवलं तर तिथून बुरशी पुन्हा बेचक्यात उतरत राहते, हे ऐकल्यावर मी नखाचा तुकडा तपासायला दिला आहे. अहवाल आला की गोळ्यांचं ठरेल. तोवर करंगळीचं बेचकं कोरडं ठेवणं चालू आहे, आणि ट्यूबमध्ये अजून अर्ध्याहून जास्त क्रीम शिल्लक आहे.